नऊ गुंठे आणि वीस हजार डॉलर: हम्बोल्ट काउंटीच्या गांजाकराचा प्रकरण अभ्यास

एखाद्या स्थानिक संस्थेला अचानक नवा कर हाती लागतो. पहिली दोन-तीन वर्षं पैसा येतो, त्यावर पदं भरली जातात, योजना आखल्या जातात. मग ज्या धंद्यावर कर बसवला तोच धंदा कोसळतो. हे प्रकरण त्याचं आहे. जागा अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातली हम्बोल्ट काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी स्थानिक संस्था), पीक गांजा. काउंटीचे निर्णय सार्वजनिक नोंदीतले आहेत, म्हणून काउंटीचं नाव दिलं आहे. माणसांची नावं घेतलेली नाहीत. पुढे ज्या शेताचा हिशोब मांडला आहे ते शेत मी उदाहरणासाठी धरलेलं आहे, कराचे दर मात्र खरे आहेत.

गांजा कायदेशीर असावा की नसावा हा वाद इथे नाही. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थ कायद्याखाली त्याची लागवड गुन्हा आहे आणि महाराष्ट्रातल्या कुठल्या पालिकेपुढे हा प्रश्न उद्या उभा राहणार नाही. पण एका पिकावर, एका धंद्यावर किंवा एका प्रकल्पावर अर्थसंकल्प टेकवलेल्या पालिका आपल्याकडेही आहेत. त्यांच्याकडे बघताना मला हम्बोल्ट सारखं आठवतं.

पार्श्वभूमी

हम्बोल्ट काउंटी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर आहे. युरेका हे तिचं मुख्य ठिकाण. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण १ लाख ३६ हजार, म्हणजे आपल्या एखाद्या छोट्या तालुक्याएवढी, आणि ती माणसं नऊ हजारांहून जास्त चौरस किलोमीटरांत विखुरलेली. डोंगर, धुकं, रेडवूडची प्रचंड झाडं, दरवर्षी पावसात खचणारे रस्ते. इतक्या मोठ्या मुलखातले रस्ते, पोलीस आणि आरोग्यसेवा इतक्या थोड्या लोकांच्या करांतून चालवायची, ही तिथली कायमची ओढाताण.

पूर्वी हा मुलूख लाकडावर जगत होता. लाकूड कापणाऱ्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि २००७ साली तिथल्या जुन्या, मोठ्या पॅसिफिक लंबर कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तोवर डोंगरात दुसरं पीक मूळ धरून होतं. १९६०-७०च्या दशकांत शहरं सोडून डोंगरात राहायला आलेल्या तरुणांनी गांजा लावायला सुरुवात केली. हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन काउंट्यांना मिळून ‘एमराल्ड ट्रँगल’, पाचूचा त्रिकोण, असं नाव पडलं. १९८३पासून दर हंगामात हेलिकॉप्टरं यायची, झाडं उपटून न्यायची. या जोखमीमुळेच भाव टिकून होता. एके काळी एका पौंडाला, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी मालाला, तीन-चार हजार डॉलर मिळत. किराणा दुकान, ट्रॅक्टरवाला, शाळेची देणगी, सगळीकडे हाच पैसा फिरायचा. काउंटीच्या तिजोरीत मात्र त्यातला थेट असा काहीच येत नव्हता.

१९९६ साली कॅलिफोर्नियाने औषधी वापराला परवानगी दिली. २०१५ साली राज्याने औषधी गांजाच्या धंद्यासाठी परवान्याची चौकट आणली आणि ८ नोव्हेंबर २०१६ला मतदारांनी प्रस्ताव ६४ मंजूर करून प्रौढांसाठी गांजा सरसकट कायदेशीर केला. हम्बोल्टने त्याआधीच, २०१६च्या सुरुवातीला, लागवडीच्या परवानग्यांचे नियम केले होते. वर्षभरात दोन हजारांहून जास्त अर्ज आले. पिढ्यान्‌पिढ्या लपून शेती करणारी माणसं पहिल्यांदाच नकाशा, पाण्याचा हिशोब आणि स्वतःचं नाव घेऊन कचेरीच्या खिडकीशी उभी राहिली. ही साधी गोष्ट नव्हती. कराची पुढची सगळी कहाणी याच माणसांशी जोडलेली आहे.

काउंटीची अडचण

कॅलिफोर्नियात काउंटीचे हात बरेच बांधलेले असतात. १९७८च्या प्रस्ताव १३ने मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर आणि मूल्यातली वार्षिक वाढ २ टक्क्यांवर अडवली. १९९६च्या प्रस्ताव २१८ने ठरवलं की कुठलाही नवा स्थानिक कर, किंवा जुन्या करातली वाढ, मतदारांना विचारल्याशिवाय करता येणार नाही. साधारण निधीत, म्हणजे कुठल्याही कामाला वापरता येईल अशा सामायिक खात्यात, जाणारा कर असेल तर साधं बहुमत पुरतं. ठरावीक कामाला बांधलेला कर असेल तर दोन तृतीयांश मतं लागतात.

राज्याने गांजावर बसवलेल्या उत्पादन शुल्कातून काउंटीला ठरावीक वाटा मिळेल अशी तरतूदही प्रस्ताव ६४मध्ये नव्हती. तो पैसा राज्य ठरवेल त्या कामांना जातो आणि काउंटीने अनुदानासाठी अर्ज करायचा. परवानग्या तपासायला अधिकारी मात्र काउंटीचे, बेकायदा शेतं शोधायला पोलीस काउंटीचे, ओढ्यांत गेलेली माती आणि खतं निस्तरायची तीही काउंटीने. खर्च आमच्या गळ्यात आणि उत्पन्न वरच्याच्या खिशात, ही तक्रार आपल्याकडच्या कुठल्याही नगराध्यक्षाच्या तोंडी शोभेल.

पहिला निर्णय: कर कशावर बसवायचा?

पाच सदस्यांच्या काउंटी मंडळाने त्याच नोव्हेंबर २०१६च्या मतदानाला स्वतःचा प्रस्ताव जोडला: प्रस्ताव एस. उघड्या शेतातल्या लागवडीला चौरस फुटामागे वर्षाला १ डॉलर, ऊन आणि दिवे दोन्ही वापरणाऱ्या पॉलिहाउसला २ डॉलर, बंद खोलीतल्या लागवडीला ३ डॉलर. महागाईप्रमाणे दर वाढण्याची सोयही त्यात होती. वर्षाला सुमारे ७३ लाख डॉलर येतील असा अंदाज मतपत्रिकेवर दिला होता. पैसा साधारण निधीत जाणार होता, पण कशासाठी हवा आहे ते मतदारांना वाचून दाखवलं होतं: सार्वजनिक सुरक्षा, गुन्ह्यांचा तपास, रोजगार, पर्यावरणाची साफसफाई, मुलांचं आणि कुटुंबांचं मानसिक आरोग्य, व्यसनमुक्ती. प्रस्ताव आरामात मंजूर झाला. शहरांच्या हद्दी सोडून उरलेल्या काउंटीत तो लागू झाला.

क्षेत्रावरच कर का? पर्याय तीन होते: विक्रीच्या रकमेवर टक्केवारी, पिकाच्या वजनावर कर, किंवा क्षेत्रावर. २०१६ साली या धंद्यात हिशोबाच्या वह्या नव्हत्या. केंद्राच्या कायद्यात गांजा बेकायदाच असल्यामुळे बँका खाती उघडत नव्हत्या, व्यवहार रोखीचा. माल कुठून कुठे गेला याची नोंद ठेवणारी राज्याची संगणकीय यंत्रणाही अजून आलेली नव्हती. विक्रीवर टक्केवारी लावली असती तर शेतकरी सांगेल तो आकडा खरा मानावा लागला असता. क्षेत्र मात्र लपत नाही. ते परवान्यावर लिहिलेलं असतं आणि उपग्रहाच्या छायाचित्रात वरून मोजता येतं. शिवाय अर्थसंकल्प मांडणाऱ्याला आवडेल असा आकडा त्यातून मिळतो: एकूण चौरस फूट गुणिले दर.

त्या वेळच्या माहितीवर हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पण त्याची किंमत काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायची गरज नसावी. जमीन मोजून बांधलेला सारा आपण पाहिला आहे. १८३०च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने मोठ्या कसोशीने पुणे जिल्ह्यात सारा बांधला. कागदावर तो अगदी शास्त्रशुद्ध होता. इंदापूर तालुक्यात तो इतका जड झाला की रयत जमिनी टाकून गेली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६च्या सुमारास दर उतरवून तीस वर्षांसाठी बांधून दिले. ती मुदत संपली तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेल्या भावांचा काळ नुकताच सरत होता. सारा चढ्या भावांच्या हिशोबाने वाढला आणि भाव खाली आले. १८७५ साली सुप्यात शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्ध जो भडका उडाला, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. म्हणूनच सारामाफी, सारातहकुबी, पैसेवारी हे शब्द आपल्या महसूल खात्याच्या बोलण्यात इतके रुळले आहेत: पीक पन्नास पैशांखाली गेलं तर वसुलीचा विचार करायचा, ही सोय त्यात असते. प्रस्ताव एसमध्ये पैसेवारीसारखं काही नव्हतं. भाव उतरला किंवा पीक बुडालं तर दर आपोआप खाली येईल असं एकही कलम नव्हतं.

दुसरा निर्णय: मतदारांना न विचारता दुरुस्ती

या प्रकरणातला हा टप्पा अनेक जण ओझरता सांगून पुढे जातात. मला तो सगळ्यात शिकवणारा वाटतो.

कर सुरू झाला तसे व्यवहारातले प्रश्न आले. परवाना एकाच्या नावावर, जमीन दुसऱ्याची. कर कोणाकडून घ्यायचा? परवाना दहा हजार फुटांचा, लावलं सहा हजारच. कर किती घ्यायचा? परवाना मिळाला, पण या हंगामात लागवडच केली नाही. मग?

मंडळाने २०१७ सालीच ठराव करून कराच्या नियमांत दुरुस्त्या केल्या. जमिनीचा मालकही करदाता ठरला. प्रत्यक्ष लावलेल्या क्षेत्राऐवजी परवान्यातलं क्षेत्र धरलं गेलं. कर कधीपासून लागू होतो याची व्याख्याही बदलली. वसुली करणाऱ्या कचेरीच्या दृष्टीने हे सोयीचं होतं. कर्मचारी थोडे, शेतं डोंगरात दोन-दोन तासांच्या कच्च्या रस्त्यांवर. प्रत्येक ठिकाणी जाऊन फुटपट्टी लावणार कोण?

पण मतदारांनी मंजूर केलेला मजकूर कायदेशीर लागवड ‘करणाऱ्यावर’ करासाठी होता. लावलेलं नसेल तरी कर, आणि लावणारा नसेल त्याच्याकडूनही कर, असं त्यांनी मंजूर केलेलं नव्हतं. प्रकरण न्यायालयात गेलं. २०२१ साली राज्याच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की या दुरुस्त्यांनी कराची व्याप्ती वाढवली, आणि मतदारांना न विचारता कर वाढवता येत नाही. म्हणून त्या अवैध.

पैशांपेक्षा इथे गमावलं ते वेगळंच. आयुष्यभर सरकारपासून तोंड लपवलेला माणूस मोठ्या हिमतीने खिडकीशी आला होता. त्याला पहिल्या वर्षीच कळलं की खिडकीच्या पलीकडचे नियम बदलू शकतात. शेजारचा, ज्याने परवाना घेतलाच नाही, तो कर भरत नाही, तपासणी करून घेत नाही आणि विकतो त्याच बाजारात. असल्या अवस्थेत कायद्यात राहा हे सांगणं फार अवघड होऊन बसतं.

भाव कोसळतो

राज्याने आधी मोठ्या शेतांना काही वर्षं आत येऊ द्यायचं नाही असं बोलून दाखवलं होतं. एक एकराची मर्यादा असेल असंच सगळे धरून चालले होते. नोव्हेंबर २०१७ला आलेल्या नियमांत ती मर्यादा राहिली नाही. एकाच माणसाने कितीही छोटे परवाने एकावर एक घ्यावेत, मनाई नव्हती. दक्षिणेला सांता बार्बरा काउंटीत, जिथे पूर्वी फुलं पिकवत त्या काचेच्या मोठ्या हरितगृहांत, गांजा उभा राहिला.

माल वाढला तेवढी दुकानं वाढली नाहीत. राज्यातल्या निम्म्याहून जास्त शहरांनी आणि काउंट्यांनी किरकोळ विक्रीला परवानगीच दिली नाही. राज्याबाहेर माल न्यायला केंद्राची बंदी. २०२०च्या टाळेबंदीत खप वाढला, भाव टिकला, त्या भरवशावर २०२१च्या वसंतात सगळ्यांनीच जास्त लावलं. ऑक्टोबरची काढणी झाली आणि बाजार खाली बसला. वर्षाच्या सुरुवातीला हजार डॉलरच्या वर असलेला पौंड वर्षअखेरीस तीनशे-चारशेवर आला. काहींना त्या भावालाही गिऱ्हाईक नव्हतं. तिकडे टर्की भट्टीत भाजायला वापरतात त्या जाड, वास न सोडणाऱ्या पिशव्यांत हा माल भरून ठेवतात. खोल्याच्या खोल्या त्या पिशव्यांनी भरलेल्या आणि उचलायला कोणी नाही. कांद्याच्या चाळीशी उभं राहिलेल्या माणसाला हे चित्र नवं नाही.

एका शेताचा हिशोब

समजा एक पॉलिहाउस आहे, दहा हजार चौरस फुटांचं. आपल्या मापात नऊ गुंठ्यांहून जरासं जास्त. हिशोबाला सोपं म्हणून वर्षाचं पीक ६०० पौंड धरू.

प्रस्ताव एसच्या मूळ दराने, महागाईची वाढ बाजूला ठेवून, काउंटीचा कर २० हजार डॉलर. शिवाय राज्याचा लागवड कर वेगळा. तोही भावावर नव्हता, वजनावर होता: २०१८ला सुक्या फुलाच्या औंसाला (पौंडाच्या सोळाव्या भागाला) ९.२५ डॉलर, म्हणजे पौंडाला १४८. २०२०ला औंसाला ९.६५, आणि जानेवारी २०२२पासून १०.०८, म्हणजे पौंडाला सुमारे १६१. भाव पडला त्याच हिवाळ्यात महागाईचं सूत्र लावून राज्याने दर चढवला.

भाव १२०० डॉलर असताना: विक्री ७ लाख २० हजार. राज्याला ८८ हजार ८००, काउंटीला २० हजार. दोन्ही मिळून विक्रीच्या १५ टक्के. सोसण्यासारखं.

भाव ४०० डॉलर झाल्यावर: विक्री २ लाख ४० हजार. राज्याला ९६ हजार ६००, काउंटीला तेच २० हजार. दोन्ही मिळून जवळजवळ ४९ टक्के. उरलेल्यात छाटणीची मजुरी, प्रयोगशाळेची तपासणी, परवान्याचं शुल्क, पाण्याच्या टाक्या, रस्त्याची डागडुजी आणि घर.

आणि निम्माच माल विकला गेला तर? राज्याचा कर माल बाजारात गेल्यावर लागतो, म्हणून तो निम्मा होतो. काउंटीचा होत नाही. १ लाख २० हजारांच्या विक्रीवर २० हजार, म्हणजे एकट्या काउंटीचे सतराएक टक्के. शिवाय हे बिल मागल्या वर्षाच्या क्षेत्राचं असतं. चांगल्या भावाच्या आशेने लावलेल्या जमिनीचा कर पडलेल्या भावात भरायचा.

आकडे नीट पाहिले तर एक गोष्ट मान्य करावी लागते: पूर्ण माल विकला गेला तर जास्त ओझं राज्याच्या कराचं होतं. काउंटीवर जो राग निघाला त्यातला बराचसा खरं तर राज्याचा होता. पण शेतकऱ्याला भेटणारा दरवाजा काउंटीचा, म्हणून तो तिथे वाजला. आणि शेतकऱ्याचा मुद्दा चुकीचा नव्हताच: विकलं नाही त्यावरही कर घेणारी काउंटीच होती.

तिसरा निर्णय: वसूल करायचं, थांबायचं की सोडायचं?

२०२२ उजाडलं तेव्हा मंडळापुढचे रस्ते साधारण असे होते.

पूर्ण वसुली: लोकांनी मत देऊन कर बसवला आहे, मंडळाने तो मोडायचा का? ज्यांनी आजवर वेळेवर भरला त्यांच्यावर अन्याय नाही का? हे आक्षेप खरे होते. पण वसुली होणार कशी? माल विकलेला नाही, पीककर्ज देणारी बँक नाही. जप्तीचा मार्ग घेतला तर शेवटी परवाने रद्द होणार, आणि मग पुढल्या वर्षी कर भरायला कोणीच नाही. शेतकऱ्यांतला एक भाग शेती सोडेल, दुसरा पुन्हा लपून लावेल.

मुदत वाढवणं: हप्ते पाडणं, दंड माफ करणं. हे करायला सोपं आहे, अर्थसंकल्पात येणं म्हणून आकडाही दिसत राहतो. पण भाव परत चढेल याच भरवशावर ते उभं असतं. भाव चढण्याचं कुठलंही कारण दिसत नव्हतं.

पुन्हा मतदारांकडे जाऊन कर विक्रीच्या रकमेवर नेणं: मुळातून दुरुस्ती हीच होती. सांता बार्बराने २०१८ सालीच लागवडीला विक्रीच्या ४ टक्के असा कर मंजूर करून घेतला होता. पण मतदान घ्यायला वेळ लागतो आणि बिलं तर मार्चच्या तोंडावर होती.

दर कमी करणं: कर वाढवायला मतदार लागतात, उतरवायला लागत नाहीत. हा अधिकार मंडळाच्या हातात होता.

फेब्रुवारी २०२२ला मंडळाने २०२१च्या हंगामाचा कर ८५ टक्क्यांनी कमी केला. आपल्या पॉलिहाउसचे २० हजार ३ हजारांवर आले. त्याच वर्षी १ जुलैपासून राज्याने आपला लागवड कर पूर्ण रद्द केला. तरी बाजार सावरला नाही. नोव्हेंबर २०२२ला काउंटी मंडळाने पुढचं पाऊल टाकलं: प्रस्ताव एसची वसुली दोन वर्षांसाठी स्थगित.

मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि तो उशिरा झाला असंही वाटतं. ८५ टक्के सूट जाहीर होईपर्यंत वर्षभराचे दिवे लावून, मजुरी देऊन, उसनवारी करून माणसं थकलेली होती. २०२१च्या उन्हाळ्यात, पीक उभं असतानाच, ‘भाव अमुकच्या खाली गेला तर दर असा असेल’ एवढं जरी जाहीर झालं असतं, तरी पुढल्या वसंतात किती लावायचं हे लोकांना ठरवता आलं असतं.

निष्पत्ती

बरेच छोटे शेतकरी बाहेर पडले. परवाने परत केले गेले, जमिनी विकायला निघाल्या. डोंगरातल्या गार्बरविलसारख्या गावांत खताची, नळ्यांची दुकानं ओस पडली. पूर्वी हा पैसा कराशिवाय फिरत होता तेव्हा दुकानदार सुखी होता. आता कर होता, पण फिरायला पैसा नव्हता. काउंटीचं विक्रीकराचं उत्पन्नही त्यामुळे घसरणीला लागलं. एका धंद्यावर अवलंबून असलेल्या गावात असा फटका दोनदा बसतो: आधी थेट कर जातो, मग त्या धंद्यातल्या माणसांच्या खर्चावरचा कर जातो.

२०२३ साली काउंटीच्या साधारण निधीत मोठी तूट उभी राहिली आणि नोकरभरती गोठवावी लागली. हे सगळं गांजाकर गेल्यामुळे झालं असं म्हणणं खोटं होईल. पगार, निवृत्तिवेतन, विमा हे खर्च सगळीकडेच वाढत होते. पण साधारण निधीत मिसळलेला, कायमचा समजलेला एक प्रवाह आटला होता हे खरं. शेवटी रस्ते आणि आपत्कालीन सेवांसाठी काउंटीने नोव्हेंबर २०२४ला मतदारांपुढे विक्रीकरात एक टक्का वाढीचा प्रस्ताव ठेवला, आणि तो मंजूर झाला. म्हणजे खड्डा भरायला सगळ्या दुकानांतली सगळी गिऱ्हाइकं आली.

राज्याचीही गोष्ट फार वेगळी झाली नाही. २०२२ला लागवड कर काढताना त्याची भरपाई पुढे उत्पादन शुल्कातून करायची असं कायद्यात लिहून ठेवलं होतं. त्यानुसार १ जुलै २०२५ला ते १५ टक्क्यांवरून १९ टक्के झालं. धंदा आणखी बसेल अशी ओरड झाली, आणि नवा कायदा करून १ ऑक्टोबर २०२५पासून ते परत १५ टक्क्यांवर आणावं लागलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी मतपत्रिकेचा मजकूर. मतदारांकडून एक ठरावीक दर मागून घेण्याऐवजी कमाल दर मागायचा आणि त्याखाली दर कसा हलेल याचं सूत्र त्याच मजकुरात लिहायचं. ‘पौंडाचा सरासरी भाव मागल्या वर्षापेक्षा इतका उतरला तर दर इतका उतरेल’ असं एक वाक्य पुरेसं होतं. मंडळाला दर उतरवण्याचा अधिकार होताच. पण दर वर्षी लोकांनी मंडळापुढे येऊन सूट मागायची आणि मंडळाने ती द्यायची, हे एक. आणि भाव पडल्यावर दर आपोआप उतरणं, हे दुसरं. पहिल्यात शेतकरी याचक होतो.

दुसरं, क्षेत्रावरचा कर पहिल्या दोन-तीन वर्षांपुरताच ठेवायचा. वह्या नाहीत, नोंदी नाहीत, तोवर क्षेत्र हाच आधार, इथपर्यंत ठीक. पण राज्याची माल-नोंदणी यंत्रणा पुढे आली. प्रत्येक झाडाला चिठ्ठी, प्रत्येक पाकिटाची नोंद. त्या दिवसापासून ‘विक्री कळत नाही’ ही सबब संपली. कर विक्रीवर नेण्याची तारीख मूळ प्रस्तावातच घातली असती तर २०२१ला हात बांधलेले राहिले नसते. विक्रीवरच्या करात काउंटीचं उत्पन्न भावाबरोबर खाली येतं, हे खरं. पण तसंही ते आलंच, तेही एकदम आणि जवळजवळ शून्यावर.

तिसरं, खर्चाची बाजू. यावर सगळ्यात कमी बोललं जातं. नवीन धंद्यावरच्या नव्या कराचा पैसा पहिली काही वर्षं एकदाच करायच्या कामांना द्यायचा: पूल, साकव, ओढ्यांची दुरुस्ती, गाड्या, इमारत. कायम पगाराची पदं त्यावर भरायची नाहीत. ठरावीक रकमेच्या वरचं जे येईल ते वेगळ्या राखीव निधीत. असा नियम मंडळ साध्या ठरावाने करू शकत होतं, त्याला मतदार लागत नव्हते.

चौथं, २०१७च्या दुरुस्त्या. जमिनीचा मालक करदाता असावा की नाही, न लावलेल्या क्षेत्राचं काय, हे प्रश्न प्रस्ताव लिहितानाच समोर यायला हवे होते. दहा शेतं फिरून, दहा परवाने हातात घेऊन कोणी मसुदा वाचला असता तर तिन्ही प्रश्न एका दुपारी सापडले असते. आपल्याकडे नवा कर किंवा उपविधी करताना जो अधिकारी मसुदा लिहितो तो वसुली कारकुनासोबत एक दिवस फिरतो का, हे मी प्रशिक्षणात नेहमी विचारते. हात क्वचित वर येतात.

एका गोष्टीचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. दर सुरुवातीपासून निम्मे असते तर किती जण टिकले असते? राज्याने एकराची मर्यादा ठेवली नाही, दुकानं उघडली नाहीत, राज्याबाहेरचा बाजार बंद राहिला. या तिन्हींवर काउंटीचा ताबा नव्हता. तिच्या हातात होतं ते त्या नऊ गुंठ्यांचं बिल, त्यावरचा आकडा आणि ते पाठवण्याची तारीख.